दावा दिल्लीत, अर्ज बेळगावात

बेळगाव तालुक्यातल्या एका वाचकाचे तीन प्रश्न आहेत. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या ‘काळा दिना’च्या मूक फेरीला परवानगी नाकारली आणि तरी निघालो, तर दाखल होणारा गुन्हा टिकतो का? दुकानाच्या पाटीवर मराठी ठेवता येते का? ग्रामपंचायतीच्या नोटिसा मराठीत मिळाव्यात म्हणून काही करता येते, की बेळगावसह सीमाभाग कोणत्या राज्यात असावा याच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमादाव्याचा निकाल लागेपर्यंत गप्प बसायचे?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी गल्लत तिथूनच सुरू होते. थांबायचे काहीही कारण नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला मूळ दावा क्रमांक ४ हा घटनेच्या कलम १३१ खालचा आहे. हे कलम सरकारांमधल्या वादासाठी असते. नागरिकाला त्याखाली दावा लावता येत नाही. वाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेचा, आणि कर्नाटकाचे म्हणणे असे की सीमा ठरवणे हे कलम ३ खाली फक्त संसदेचे काम. तो दावा त्याच्या गतीने चालेल. तुमचे हक्क वेगळ्या रुळावर आहेत. आज तुम्ही कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक आहात, म्हणूनच ते तुम्हाला मिळतात. उद्या निकाल महाराष्ट्राच्या बाजूने लागला तर हेच हक्क तिकडे गेलेल्या कन्नड भाषकांना लागू होतील, आणि ते त्यांना द्यावेच लागतील.

म्हणून पहिली सूचना, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मराठी नोटिशीच्या अर्जात सीमाप्रश्नाचा एक शब्दही आणू नका. सीमावादावर केंद्राने नेमलेला महाजन आयोग, महाराष्ट्राने मागितलेली ८६५ गावे, १९५६ चा अन्याय अशी तीन पाने आधी आणि मागणी शेवटच्या दोन ओळींत, असा अर्ज गेला की कारकून त्यावर ‘विषय न्यायप्रविष्ट’ असा शेरा मारून मोकळा होतो. शेरा चुकीचा असतो, पण त्याला निमित्त आपणच दिलेले असते.

आता नोटिसांबद्दल. इथे दोन थर वेगळे ओळखायला हवेत. एक, घटनेतली कलमे. कलम २९ भाषा जतन करण्याचा हक्क देते, ३० शाळा काढून चालवण्याचा. ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयीविषयी आहे, ३५०-ब भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याविषयी. ज्याचा उपयोग फारसा कुणी करत नाही ते साधे कलम ३५०. गाऱ्हाणे मांडणारे निवेदन केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, अनुक्रमे देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. म्हणजे तहसीलदाराने मराठी निवेदन ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत करणे हे थेट घटनेच्या विरुद्ध आहे. उत्तर मात्र मराठीतच आले पाहिजे असे ते कलम म्हणत नाही.

दुसरा थर म्हणजे केंद्र आणि राज्यांनी मिळून मान्य केलेली संरक्षणाची योजना: १९५६ चे केंद्राचे निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद. जिथे एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त, त्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करायचे. आणि जिल्ह्यात ते ६० टक्के असले तर ती भाषा त्या जिल्ह्यापुरती जादा राजभाषा करायची. १५ टक्क्यांचा हिशेब जिल्ह्यावरच करायचा असे नाही, तालुका किंवा नगरपालिकाही धरता येते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात या आकड्यावर भांडणच व्हायचे कारण नाही. अडचण दुसरीच आहे. ही योजना कायदा नव्हे. परिषदेच्या ठरावावर बोट ठेवून उच्च न्यायालयात गेलात आणि ‘सगळ्या नोटिसा मराठीत द्या’ असा आदेश मागितलात, तर सरकारी वकील पहिल्याच तारखेला विचारणार, हक्क कोणत्या कायद्याखाली? त्याला उत्तर नसते. मागायचे असते ते असे: आमच्या निवेदनावर ठराविक मुदतीत, कारणांसह निर्णय द्या. ही मागणी छोटी दिसते, पण ती मिळण्यासारखी आहे. शिवाय नकाराची कारणे कागदावर आली की पुढच्या याचिकेला धरायला काहीतरी हाती लागते.

क्रम असा ठेवा. २०११ च्या जनगणनेतला मातृभाषेचा तक्ता, सी-१६, तालुका आणि शहरनिहाय उपलब्ध आहे. त्यातून आपल्या भागाचे पान काढा. मग निवेदन. मजकूर एवढा पुरे:

‘आमच्या तालुक्यात मराठी मातृभाषा असलेल्यांचे प्रमाण सोबतच्या तक्त्याप्रमाणे १५ टक्क्यांहून अधिक आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांनुसार ग्रामसभेची सूचना, कर आकारणीची नोटीस व योजनांच्या लाभार्थी याद्या कन्नडसोबत मराठीतही प्रसिद्ध कराव्यात. निर्णय ३० दिवसांत लेखी व कारणांसह कळवावा.’

‘कन्नडसोबत’ हा शब्द गाळू नका. ‘कन्नडऐवजी’ असा अर्थ निघाला की अर्ज तिथेच संपला. निवेदन पंचायत विकास अधिकाऱ्याला, प्रती तालुका पंचायतीच्या कार्यनिर्वाहक अधिकाऱ्याला, डीसी साहेबांना (जिल्हाधिकाऱ्यांना) आणि केंद्राच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना. हे आयुक्त आदेश देऊ शकत नाहीत, शिफारस करतात. पण त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो, त्यामुळे त्यांच्या पत्राला उत्तर द्यायची थोडी तरी धास्ती असते. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा स्पीड पोस्टने पाठवा आणि वाटप झाल्याची ऑनलाइन नोंद लगेच छापून ठेवा.

माहिती अधिकारात मात्र उलटे आहे, आणि इथे पुष्कळजण आपटतात. त्या कायद्याच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणजे निवेदन मराठीत चालते, पण आरटीआयचा अर्ज मराठीत केला तर तो नाकारायला अधिकाऱ्याला आधार मिळतो. सरळ इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा. कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक मेख आहे: एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांपर्यंतच मजकूर. फी १० रुपये. तेव्हा ‘गेल्या तीन वर्षांत ग्रामसभेच्या किती सूचना काढल्या, त्यांतल्या किती कन्नडखेरीज अन्य भाषेत होत्या, प्रती द्याव्यात’ एवढेच विचारा. शाळेचा प्रश्न वेगळ्या अर्जात.

शाळांचे थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच भाषा धोरणावर निकाल दिला: प्राथमिक शाळेत मुलाने कोणत्या माध्यमातून शिकायचे हे सरकार लादू शकत नाही. त्याचा अर्थ ‘कन्नड विषयही सक्तीचा करता येत नाही’ असा लावू नका. २००४ साली उषा मेहता प्रकरणात महाराष्ट्रातल्या अन्य भाषक शाळांवर मराठी विषयाची सक्ती वैध ठरली, आणि तोच निकाल इथे आपल्याविरुद्ध वाचला जातो. माध्यम तुमचे, विषय सरकारचा, असे धरून चला. मराठी वर्ग टिकवायचा तर मान्य सूत्र आहे वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले. पालकांच्या सह्यांचे अर्ज जून उजाडायच्या आत मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी दोघांकडे देऊन पोच घ्या. वर्ग बंद झाल्यावर काढलेल्या मोर्चापेक्षा त्या दहा पोचपावत्या न्यायालयात जास्त बोलतात.

पाटीचा प्रश्न. कन्नड भाषा समग्र विकास कायदा, २०२२ आणि त्यातली २०२४ ची दुरुस्ती यांप्रमाणे दुकाने, हॉटेले, दवाखाने, प्रयोगशाळा यांच्या नामफलकावर ६० टक्के कन्नड हवे आणि ते फलकाच्या वरच्या भागात हवे. पहिल्या उल्लंघनाला ५,०००, दुसऱ्याला १०,०००, त्यापुढे २०,००० रुपये दंड आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार. मराठीला बंदी मात्र कुठेही नाही. उरलेल्या ४० टक्क्यांत काय लिहायचे हा तुमचा प्रश्न.

प्रत्यक्षात असे करा. पाटी १० फूट लांब, ४ फूट उंच आहे असे समजा. क्षेत्रफळ ४० चौरस फूट, त्याचे ६० टक्के २४. वरची सुमारे २९ इंचांची पूर्ण पट्टी कन्नडला, खालची १९ इंच मराठी आणि इंग्रजीला. पट्टीची उंची बरोबर पण कन्नड अक्षरे बारीक आणि मराठी ठळक, अशी चलाखी करू नका. तपासायला येणारा डोळ्याने बघतो, मोजपट्टीने नंतर. दिव्याची पाटी असेल तर दोन्ही भाग सारखे उजळलेले ठेवा. पेंटरकडून मापांसह पक्के बिल घ्या आणि पाटी लागल्या दिवशीचा फोटो ठेवा. नोटीस आली तर तेच उत्तर, आणि कुणी संघटनेच्या नावाखाली येऊन काळे फासले तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता, जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३२४ खाली नुकसानीची फिर्याद देताना रक्कम त्याच बिलावरून सिद्ध होते. कायद्याची अंमलबजावणी नेमलेल्या अधिकाऱ्याने करायची असते, रस्त्यावरच्या जमावाने नव्हे.

या कायद्यालाच आव्हान द्यावे का, असे विचारणारेही असतात. माझे मत स्पष्ट आहे: त्यात वेळ घालवू नका. मुंबईच्या किरकोळ व्यापाऱ्यांनी मराठी पाट्यांच्या सक्तीविरुद्ध धाव घेतली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खर्च वकिलांवर करण्यापेक्षा पाट्यांवर करा अशा अर्थाचे सुनावून दोन महिन्यांची मुदत दिली. मुंबईत जे आपल्याला गोड लागले, ते बेळगावात कडू लागले म्हणून न्यायालय निकाल बदलत नाही.

सरकारी इमारतीवरच्या फलकाचे वेगळे. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू होती, ती काढा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली. राजभाषा वापरली आहे ना, मग जादा भाषेला कायद्याची मनाई नाही, असा त्याचा गाभा. आपल्याकडे हा निकाल उत्साहाने सांगितला जातो, पण त्याची धार नीट पाहा. नगरपालिकेने स्वतःहून मराठी फलक लावला आणि कुणी तो काढायला लावतो आहे, तिथे पातूर कामाचे. नगरपालिका लावतच नाही, तिथे पातूर तुम्हाला हक्क देत नाही. शिवाय फलकावर भाषा मराठी असणे आणि फलकाने राज्य बदलणे यांतही फरक आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला. तो भाषेचा खटला नव्हताच.

आता १ नोव्हेंबर. काळा दिन पाळणे हा गुन्हा आहे का? एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मागणी देशाच्या अखंडतेविरुद्ध नाही. राज्यांच्या सीमा बदलण्याची तरतूद घटनेच्याच कलम ३ मध्ये आहे. ‘काळा दिवस’ या शब्दांवर तर थेट निकाल आहे, तोही शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुन्ह्यावर. हातकणंगले पोलिसांनी एका प्राध्यापकावर काश्मीरचे कलम ३७० हटवल्याच्या ५ ऑगस्टला काळा दिवस म्हणणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून १५३-अ, म्हणजे गटांत वैर पसरवण्याचे कलम, लावले होते. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी तो गुन्हा रद्द केला: सरकारी निर्णयाच्या दिवसाला काळा दिवस म्हणणे हा निषेध आहे, वैर पसरवणे नव्हे. त्याच दोन न्यायमूर्तींनी २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात आणखी एक गोष्ट पक्की केली. तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, आणि तो बोलण्या-लिहिण्यावरून असला तर, पोलिसांनी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) १७३(३) खाली आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य. आणि शब्द तोलायचे ते हळव्या, पटकन बिथरणाऱ्या माणसाच्या कानाने नव्हे. बीएनएस १९६ ची, म्हणजे जुन्या १५३-अ ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत, त्यामुळे सीमाभागातल्या बहुतेक स्टेटस-प्रकरणांना हा निकाल लागू पडतो. मात्र एक मर्यादा: कन्नड भाषकांना उद्देशून शिवी किंवा धमकी त्यात असेल तर यातला एकही निकाल वाचवणार नाही. घोषणा सरकारविरुद्ध ठेवा, शेजाऱ्याविरुद्ध नव्हे.

परवानगीत हरतो तो तारखांमुळे. १ नोव्हेंबर हा कर्नाटकात राज्योत्सव, सुट्टीचा दिवस. नकार ३१ तारखेला संध्याकाळी हातात पडला तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाचे दार दुसऱ्या दिवशी बंदच असते. त्याआधी दसऱ्याची सुट्टी येते, काही वर्षी दिवाळीही तिथेच येऊन पडते. म्हणून अर्ज सप्टेंबरअखेर द्यायचा, १० ऑक्टोबरपर्यंत उत्तर नाही आले तर स्मरणपत्र, आणि त्यानंतर आठवड्याने रिट याचिका, उत्तर येवो न येवो. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे. खानापूर, निपाणीत तहसीलदार आणि पोलीस निरीक्षक दोघांकडे. त्यात वेळ, सुरुवात आणि शेवटची जागा, मार्ग चौकाचौकासह, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांची नावे आणि मोबाइल, ध्वनिक्षेपक असणार की नाही, हे सगळे हवे. आणि दोन पर्यायी मार्ग. राज्योत्सवाची मिरवणूक ज्या रस्त्यावरून जाते त्याला फाटा देणारा मार्ग तुम्हीच सुचवलात, तर ‘दोन गट समोरासमोर येतील’ हे नकाराचे नेहमीचे कारण उरत नाही. वेळ, जागा, मार्ग ठरवायचा पोलिसांना अधिकार आहे; सरसकट नाही म्हणायचा नाही.

जमावबंदी लागू झाली तर आदेशाची प्रत मागा. जुने कलम १४४ आता बीएनएसएस १६३ आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालाने तीन गोष्टी ठरवल्या: आदेशात नेमकी परिस्थिती लिहिलेली हवी, आदेश प्रसिद्ध व्हायला हवा, आणि तोच आदेश पुन्हा पुन्हा काढणे हा अधिकाराचा गैरवापर. त्याच महिन्याच्या आसपासचा बेंगळुरूतला जमावबंदीचा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयानेच फेब्रुवारी २०२० मध्ये बेकायदा ठरवला, कारण अधिकाऱ्याने स्वतःचे डोके वापरल्याचे कागदावर दिसत नव्हते. गेल्या वर्षीची आणि यंदाची प्रत शेजारी ठेवून बघा. तारीख सोडून मजकूर जसाच्या तसा असेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. आदेश मागे घ्या असा अर्ज कलम १६३(५) खाली त्याच दंडाधिकाऱ्याकडे करता येतो आणि फेटाळायचा तर त्याला ऐकून घेऊन कारणे लिहावी लागतात.

तरीही फेरी निघाली आणि गुन्हा झाला तर? आदेश मोडल्याचा गुन्हा बीएनएस २२३, जुना १८८. यात एक तांत्रिक पण भक्कम कवच आहे. बीएनएसएस २१५ प्रमाणे न्यायालय या गुन्ह्याची दखल संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकते, नुसत्या पोलिसी दोषारोपपत्रावर नाही. पोलीस अनेकदा दोषारोपपत्र टाकून मोकळे होतात, आणि मग बीएनएसएस ५२८ खाली उच्च न्यायालयात अर्ज केला की ते पडते. यावर विसंबून मनाई मोडा असे मी सुचवत नाही. त्याच एफआयआरमध्ये बेकायदा जमाव, पोलिसांना अडथळा अशी कलमे जोडलेली असतील तर ती या कवचाने जात नाहीत. पोलिसांशी धक्काबुक्की झाली की खटल्याचा रंगच बदलतो.

अटक झाली तर भाषेचा मुद्दा सगळ्यात तिखट होतो. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वरळीतल्या गाडी अपघाताच्या प्रकरणात ठरवले: गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. अटक करतानाच लेखी देणे शक्य नसले तर तोंडी सांगून, कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा. नाही दिला तर अटक आणि कोठडी बेकायदा. फक्त मराठी वाचणाऱ्या तरुणाकडून कन्नड छापील कागदावर सही घेतली जाते ती इथे. सही नाकारून वाद वाढवू नका. सहीखाली स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: ‘मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर समजावून सांगितलेला नाही’, आणि वेळ घाला. दंडाधिकाऱ्यासमोर वकिलाने पहिले वाक्य हेच बोलायचे आणि ते रोजनाम्यात आले का ते पाहायचे. दहावीपर्यंत कन्नड शिकलेल्याने मात्र हा मुद्दा काढू नये. शाळेचा दाखला सरकारी वकील पुढच्याच तारखेला आणतो.

दोषारोपपत्राला ही सवलत तशीच मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालाप्रमाणे ते आरोपीला न कळणाऱ्या भाषेत असले म्हणून बेकायदा ठरत नाही. भाषांतर मागता येते, पण आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला ती भाषा नीट येत असेल तर मिळत नाही, आणि बेळगाव-खानापूरच्या कोर्टात कन्नड न येणारा वकील सापडणे अवघड. साक्षीपुरावा खुल्या कोर्टात समजेल अशा भाषेत सांगितला जाण्याचा हक्क बीएनएसएस ३१४ खाली राहतोच. तो अर्ज पहिला साक्षीदार पिंजऱ्यात यायच्या आत द्या. चार साक्षी होऊन गेल्यावर ‘काही कळलेच नाही’ म्हटले तर न्यायाधीश आधी तुमच्या वकिलाने घेतलेली उलटतपासणी उघडून बघतात.